गेमिंग पीसीसाठी साउंड कार्ड घ्यावं की चांगले स्पीकर? पैसे घालण्याआधी एवढं समजून घ्या!

गेमिंग पीसी घ्यायचा म्हटलं की सगळी चर्चा ग्राफिक कार्डाभोवती फिरते. प्रोसेसर कुठला, रॅम किती, मॉनिटर किती हर्ट्झचा, यावर मित्रांच्या ग्रुपवर रात्र रात्र वाद रंगतात. आवाजाचा विषय मात्र सगळ्यात शेवटी येतो, तोही "उरलेल्या पैशांत बघू" म्हणून. मग एकतर खोक्यावर मोठमोठे आकडे छापलेले स्पीकर घरी येतात, नाहीतर गरज नसताना साउंड कार्ड.

टिटवाळ्याचंच उदाहरण घ्या. कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली गेलं की टिटवाळा. महागणपतीच्या मंदिरामुळे हे नाव सगळ्यांना माहीत आहे. पण इथून रोज मुंबई-ठाण्याला नोकरीला जाणारेही खूप आहेत. सीएसएमटीपर्यंत लोकलने एका बाजूला दीड तासाच्या आसपास लागतो. म्हणजे घरी येऊन, जेवून पीसीसमोर बसेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. हा दहाचा आकडा लक्षात ठेवा. आवाजावर पैसे कुठे घालायचे, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.

साउंड कार्ड नेमकं करतं काय?

गेममधला आवाज कॉम्प्युटरच्या आत नुसत्या आकड्यांच्या रूपात असतो. त्या आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करून ते स्पीकरला किंवा हेडफोनला देणं, हे साउंड कार्डचं मुख्य काम.

एके काळी हे कार्ड वेगळं घ्यावंच लागायचं. सुरुवातीच्या पीसीमध्ये फक्त 'बीप' करणारा छोटा स्पीकर असायचा. १९८७ मध्ये अ‍ॅडलिबचं कार्ड आलं आणि गेममध्ये संगीत वाजायला लागलं. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणलं आणि पुढची कित्येक वर्षं गेमरच्या तोंडी तेच नाव राहिलं.

मग चित्र बदललं. इंटेलने १९९७ मध्ये एसी'९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ ही मानकं आणली आणि आवाजाची चिप मदरबोर्डवरच बसायला लागली. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने गेममधला थ्रीडी आवाज थेट साउंड कार्डवर चालवण्याचा जुना मार्गच बंद केला. तेव्हापासून हे काम मुख्यतः प्रोसेसर करतो आणि आजच्या प्रोसेसरला त्याचं ओझं जाणवतही नाही. त्यामुळे साउंड कार्ड लावलं की गेम जास्त वेगाने चालतो, ही समजूत आता जुनी झाली.

मदरबोर्डवरचा आवाज पुरतो का?

बहुतेकांना पुरतो. स्वस्त मदरबोर्डवर साधारणपणे रियलटेकची एएलसी ८९७ सारखी चिप असते, महागड्यांवर एएलसी १२२० किंवा एएलसी ४०८०. साध्या स्पीकरवर किंवा हेडसेटवर या चिपमधला फरक ओळखणं कठीण जातं. हलक्या स्पीकरमधला आणि चांगल्या स्पीकरमधला फरक मात्र कोणालाही लगेच कळतो.

हेडफोनमधून 'सर्रर्र' असा आवाज येत असेल, तर आधी एक फुकटचा उपाय करून बघा. हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून, ग्राफिक कार्डाच्या जवळून जाते आणि वाटेत विजेचा गोंगाट पकडते. बऱ्याचदा एवढ्यानेच प्रश्न सुटतो.

स्पीकरमधून सतत 'हूं' असा घुमणारा आवाज येत असेल, तर आधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या. पीसी आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून बघा. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन काढून टाकायचा उद्योग मात्र कधीही करू नका. आवाज थांबेल, पण शॉक बसण्याचा धोका वाढेल.

मग साउंड कार्ड घ्यायचं कधी?

कारणं मोजकी आहेत. एक, मदरबोर्डचा ऑडिओ जॅकच बिघडला आहे. दोन, मागच्या जॅकमध्ये लावूनही सरसर जात नाही. तीन, तुमचा हेडफोन २५० ओहमसारख्या जास्त रोधाचा आहे. असा हेडफोन साध्या जॅकवर पुरेसा मोठा वाजत नाही. बाजारातले बहुतेक गेमिंग हेडसेट १६ ते ६४ ओहमच्या आसपास असतात, त्यांना ही अडचण नसते. चार, स्ट्रीमिंगसाठी स्टुडिओचा माइक लावायचा आहे. पण तेव्हाही साउंड कार्डपेक्षा ऑडिओ इंटरफेस घेणं बरं.

यातलं काही लागू पडत असेल, तर यूएसबीचं बाहेरचं कार्ड बघा. आत बसणारं कार्ड ग्राफिक कार्डाच्या शेजारीच येतं. आजची ग्राफिक कार्डं इतकी जाड असतात की कधी कधी तो स्लॉटच झाकला जातो. यूएसबीचं कार्ड उद्या लॅपटॉपलाही लावता येतं.

खोक्यावरच्या वॅटना भुलू नका

स्पीकरच्या खोक्यावर 'पीएमपीओ' असं लिहून हजारांतला आकडा छापलेला असेल, तर त्याकडे काणाडोळा करा. पीएमपीओ मोजायची ठरलेली अशी पद्धतच नाही. बघायचा तो आरएमएस वॅटचा आकडा. स्पीकर सलग किती ताकदीने वाजू शकतो, हे त्यावरून कळतं.

यूएसबीवरच चालणाऱ्या स्पीकरचा हिशोब तर घरीच करता येतो. यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला जास्तीत जास्त अर्धा अ‍ॅम्पिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३.० चा साधा पोर्ट साडेचार वॅट. मग अशा पोर्टवर चालणारा स्पीकर सलग २० वॅट देतो, हे कसं शक्य आहे? टेबलाशी बसून खेळणाऱ्याला तसेही १० ते २० खरे वॅट भरपूर होतात.

२.०, २.१ की ७.१?

दहा बाय दहाच्या खोलीत ७.१ चे आठ डबे ठेवणार कुठे? मागचे स्पीकर कपाटावर आणि बाजूचे पलंगाखाली गेले, तर दिशा कळण्याऐवजी गोंधळच वाढतो. त्यापेक्षा दोन चांगले स्पीकर घ्या. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं मिळून समान बाजूंचा त्रिकोण व्हायला हवा. स्पीकर कानाच्या उंचीवर हवेत आणि कोपऱ्यात कोंबलेले नकोत. एवढं केलं तरी मधल्या किमतीचे स्पीकर खुलून वाजतात.

पावलांचा आवाज नेमका कुठून आला हे ओळखायला हेडफोनच सरस. व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये 'एचआरटीएफ' नावाचा पर्याय असतो. दोन्ही कानांपर्यंत आवाज कसा वेगवेगळा पोहोचतो, याचं गणित करून तो दिशा दाखवतो. तो चालू असेल, तर हेडसेटचा 'व्हर्च्युअल ७.१' बंद ठेवा. एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया झाली की दिशा पुसट होते.

ब्लूटूथही गेमसाठी टाळा. साध्या ब्लूटूथवर १५० मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. ६० एफपीएसच्या गेममध्ये तेवढ्यात ९ फ्रेम निघून जातात. वायरचा हेडसेट घ्या, नाहीतर २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल असलेला.

आता तो दहाचा आकडा

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र धरली जाते १० ते सकाळी ६. घरातल्या खासगी साउंड सिस्टिमचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. म्हणजे रात्री ५० डेसिबल. शांतपणे चाललेल्या गप्पाही साधारण याच पातळीवर असतात.

त्यात सबवूफरची धडधड भिंतीपेक्षा लादीतून जास्त पसरते. शेजारच्या घरात कुणी पहाटेच्या लोकलसाठी लवकर झोपलेलं असतं, कुणाची परीक्षा असते. गेमची वेळ रात्री दहानंतरचीच असेल, तर २.१ चा मोठा सेट घेऊन तो वाजवणार कधी?

म्हणून पैसे घालायचा क्रम असा ठेवा: आधी चांगला हेडसेट, मग दोन साधे पण नीट स्पीकर, आणि खरंच अडलं तर साउंड कार्ड.

हेडसेट घेतला म्हणून आवाज मनसोक्त वाढवायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८६ डेसिबलला उरतात फक्त १० तास. गेम संपल्यावर कानात 'कुंई' वाजत असेल, तर आवाज जास्त झाला असं समजा.

खरेदी ऑनलाइन करा, कल्याणच्या दुकानातून करा किंवा दादरला गाडी बदलून ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडला जा. दुकानात गेलात तर स्पीकर ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. रोजच्या ऐकण्यातलं गाणं आणि रोजच्या गेमची क्लिप मोबाइलमध्ये घेऊन जा, दोन-तीन सेटवर तेच वाजवायला सांगा आणि आवाजाची पातळी सगळीकडे सारखी ठेवा. जो सेट मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं.