घोडा ‘नाही’ म्हणतो तेव्हा

6 ऑगस्ट 2021. टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिलांची मॉडर्न पेंटॅथलॉन चालू होती. तलवारबाजी आणि पोहणं आटोपलं तेव्हा जर्मनीची आनिका श्लॉय सगळ्यांच्या पुढे होती. पुढचा टप्पा घोडेस्वारीचा. या खेळात घोडा खेळाडूचा स्वतःचा नसायचा. आयोजकांनी आणलेल्या घोड्यांतून चिठ्ठीने मिळायचा आणि त्याच्याशी ओळख करून घ्यायला अवघी 20 मिनिटं असायची. श्लॉयच्या नावावर निघाला सेंट बॉय. हाच घोडा त्याच दिवशी एका रशियन खेळाडूसमोर अडून बसला होता, तरी नियमात बसत नव्हतं म्हणून तो बदलून मिळाला नाही. मैदानात आल्यापासून तो मागे सरत राहिला, जागच्या जागी फिरत राहिला. श्लॉय ओक्साबोक्शी रडत होती आणि रडतारडता चाबूक मारत होती, टाचा देत होती. कुंपणापाशी उभ्या असलेल्या प्रशिक्षक किम राइसनर यांनी घोड्याला बुक्का मारला. कॅमेऱ्यांनी ते जगभर दाखवलं. राइसनर यांना उरलेल्या स्पर्धेतून बाहेर काढण्यात आलं आणि श्लॉय 31व्या क्रमांकावर घसरली.

तीन महिन्यांनी, नोव्हेंबर 2021 मध्ये, पेंटॅथलॉनच्या जागतिक संघटनेने घोडेस्वारी या खेळातून काढून टाकायचं ठरवलं. 2024 चं पॅरिस ऑलिम्पिक घोड्यासह झालेलं शेवटचं. लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये घोड्याच्या जागी अडथळ्यांची शर्यत येणार आहे.

पेंटॅथलॉनला हे जमलं, कारण तिथे उरलेले चार खेळ शिल्लक होते. शो जंपिंग, ड्रेसाज (ठरावीक चाली आखीवपणे करून दाखवणं), इव्हेंटिंग (ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि जंपिंग मिळून) आणि एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याची दौड) या खेळांतून घोडा काढला तर मागे काहीच उरत नाही. म्हणून त्यांना सेंट बॉयच्या वागण्याचा अर्थ लावणं भाग आहे. तो हट्टी होता का, आळशी होता का, की भेदरलेला होता? त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि ऐकून घेण्याची सोय त्या खेळाच्या नियमांत नव्हती, हे मात्र दिसतच होतं.

घोडा बोलतो अंगाने, आणि बेतानेच. कळपातला प्राणी, त्यात इतरांची शिकार. लंगडणारा घोडा लांडग्याच्या नजरेत आधी भरतो, त्यामुळे दुखणं दडवणं त्याच्या रक्तात आहे. घोड्यांच्या लंगडण्यावर आयुष्यभर काम केलेल्या ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन यांनी हे दडवलेलं दुखणं ओळखण्यासाठी 24 लक्षणांची यादी तयार केली आणि 2018 मध्ये ती शास्त्रीय जगापुढे आली. कान बराच वेळ मागे पाडलेले, दात दिसतील इतकं तोंड उघडं, शेपटीचे सारखे झटके, एकटक ताठरलेली नजर, डोकं एका बाजूला कललेलं, मागच्या खुरांचं टोक जमिनीवर घासणं, पुन्हापुन्हा ठेचकाळणं. अशी आठ किंवा जास्त लक्षणं एकाच वेळी दिसली तर स्नायू-हाडांत वेदना असण्याची शक्यता मोठी.

डायसन यांच्या कामातला एक भाग प्रत्येक स्वारी-शिक्षकाला माहीत हवा. लंगडणाऱ्या घोड्यांच्या दुखऱ्या भागाला भूल देऊन त्यांच्यावर पुन्हा स्वारी केली गेली. घोडा तोच, खोगीर तेच, पण लक्षणं झपाट्याने कमी झाली. कालपर्यंत ज्याला ‘खोडकर’ म्हटलं जात होतं, तो पाय दुखायचा थांबल्यावर सरळ चालू लागला. किती घोड्यांनी ‘नाठाळ’ हा शिक्का घेऊन दुखण्यासाठी मार खाल्ला असेल, याचा हिशेब कुणाकडे नाही.

घोड्याच्या तोंडात डोकावलं तर मुद्दा आणखी स्पष्ट होतो. त्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये दात नसलेली मोकळी जागा असते. तिथे हाडाची धार असते आणि तिच्यावर पातळसं नाजूक आवरण. लगामाला जोडलेली धातूची सळी, म्हणजे बिट, जिभेवर आणि या जागेपाशी टेकते. हलक्या हाताचा स्वार बोटांच्या किंचित दाबाने घोड्याला सूचना देतो. जड हाताचा स्वार तिथेच घोड्याला जेरीला आणतो, आणि घोडा सुटण्यासाठी तोंड उघडतो. ड्रेसाजमध्ये तोंड उघडलं की गुण जातात. त्यावर बऱ्याच जणांनी सोपी वाट काढली. नाकावरून जाणारा पट्टा इतका आवळायचा की तोंड उघडताच येऊ नये. ज्या खुणेने घोडा ‘दुखतंय’ म्हणून सांगणार, तीच खूण बांधून टाकायची.

पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, हा जुना नियम. पण बोटं कुणाची आणि ती घालायची कुठे? गालाच्या मऊ भागावर ती सहज जातात, नाकाच्या हाडावर जात नाहीत. अखेर 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने, म्हणजे एफईआयने, मोजपट्टीसारखं एक ठरावीक साधन आणलं. नाकाच्या हाडावर, पट्ट्याखालून ते गेलं पाहिजे. हे साधन येण्याआधी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं मोजमापाची मागणी करत होते. 1921 मध्ये स्थापन झालेल्या संघटनेला इतक्या साध्या गोष्टीसाठी शतकाहून अधिक काळ लागला, ही बाब खेदाची आहे.

मान वाकवण्याचा वाद तर याहून धगधगता. घोड्याची हनुवटी छातीला जवळजवळ टेकेल इतकी मान ओढून धरायची आणि त्याच अवस्थेत त्याला फिरवत ठेवायचं, याला रोलकुर म्हणतात. अशा वेळी घशातला हवेचा मार्ग अरुंद होतो आणि समोरचं नीट दिसत नाही. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. ऑक्टोबर 2009 मध्ये डेन्मार्कमधल्या ओडेन्स इथे स्पर्धेआधीच्या सरावात वॉटरमिल स्कँडिक नावाच्या घोड्याची जीभ निळी पडून बाहेर लोंबताना चित्रित झाली. गदारोळ उठला. फेब्रुवारी 2010 मध्ये एफईआयने जबरदस्तीने मान वाकवणं अमान्य ठरवलं, पण ‘जबरदस्ती न करता’ मान खाली घेण्याला मोकळीक ठेवली. ही फट आजही वादाचं मूळ आहे. पॅरिसमध्ये ब्राझीलच्या एका स्वाराला सरावातल्या अशाच छायाचित्रांवरून ताकीद मिळाली.

याच पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला तीन दिवस उरले असताना शार्लट डुजार्डिन यांचं नाव बातम्यांत आलं. ब्रिटनच्या डुजार्डिन यांच्या नावावर सहा ऑलिम्पिक पदकं, त्यांतली तीन सुवर्ण. त्यांच्या व्हॅलेग्रो या घोड्याची चाल पाहून लोक ड्रेसाजच्या प्रेमात पडले होते. आणि बाहेर आलेल्या चित्रफितीत त्याच, शिकवणी घेताना, जमिनीवर उभ्या राहून विद्यार्थिनीच्या घोड्याच्या पायांवर लांब चाबकाने मिनिटभरात वीसहून जास्त फटके मारताना दिसल्या. त्यांनी 23 जुलै 2024 रोजी माघार घेतली. पुढे एक वर्षाची बंदी आणि 10,000 स्विस फ्रँकचा दंड झाला. चाहत्यांना धक्का बसला तो यामुळे, की घोड्याशी हळुवार वागण्याचा आदर्श म्हणून त्यांचंच नाव घेतलं जायचं.

घोड्याचं कातडं जाड असतं, त्याला फारसं लागत नाही, ही समजूत अजून तबेल्यांतून ऐकू येते. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी माणसाची आणि घोड्याची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंची टोकं ज्या वरच्या थरात असतात, त्याच्या जाडीत किंवा त्या टोकांच्या दाटीत ठळक फरक आढळला नाही.

चाबूक निदान डोळ्यांना दिसतो. न दिसणारा क्रूरपणा 2008 मध्ये उघड झाला. बीजिंग ऑलिम्पिकच्या अश्वक्रीडा हाँगकाँगला झाल्या आणि तिथे जंपिंगच्या घोड्यांच्या नमुन्यांत कॅप्सेसिन सापडलं. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतला तिखट घटक. पायाला चोळलं की कातडी हुळहुळी होते, आणि अडथळ्याच्या दांड्याला पाय लागला की ठणका असा उठतो की पुढच्या वेळी घोडा पाय आणखी वर उचलतो. हेच द्रव्य वेदनाशामक मलमांतही असतं, त्यामुळे हेतूवरून वाद झाले. पण बंदी घातलेलं द्रव्य मिळालं हे नक्की. नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक परत करावं लागलं.

मग चांगली स्वारी म्हणजे काय? तिचा गाभा अवघड नाही. टाचेचा दाब आला, घोडा पुढे निघाला, की त्याच क्षणी दाब सुटला पाहिजे. लगाम खेचला, तो थांबला, की हात लगेच सैल. दाबातून सुटका हेच घोड्याला मिळणारं उत्तर असतं, ‘बरोबर केलंस’ असं सांगणारं. दाब सुटलाच नाही, किंवा टाच पुढे ढकलतेय आणि लगाम मागे ओढतोय असं एकाच वेळी झालं, तर घोड्याला सुटायला वाट उरत नाही. काही घोडे उधळतात, काही मागच्या पायांवर उभे राहतात आणि काही आतून मिटतात. असा मिटलेला घोडा बाहेरून फार शहाणा दिसतो, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

स्पर्धेचे नियम घोड्याच्या बाजूने कसे वळवता येतात, याचं सर्वांत चांगलं उदाहरण एन्ड्युरन्समध्ये सापडतं. 160 किलोमीटरची ही दौड टप्प्याटप्प्याने होते आणि प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोडा तपासतात. हृदयाचे ठोके मिनिटाला 64 वर उतरेपर्यंत वेळ मोजला जात राहतो. ठोके ठरलेल्या मुदतीत उतरले नाहीत किंवा घोडा लंगडला, तर दोघंही बाहेर. म्हणजे घोड्याला दमवलं की स्वाराचंच नुकसान. केरळच्या निदा अंजुम चेलाट यांनी 2023 मध्ये फ्रान्समधल्या युवा जागतिक स्पर्धेचं 120 किलोमीटरचं अंतर पूर्ण केलं, ते याच तपासण्यांतून पार होत.

नियम चांगले असले तरी पाळायची इच्छा हवी. संयुक्त अरब अमिरातीतल्या सपाट वाळवंटी मार्गांवर वेग इतका वाढला की घोड्यांचे पाय मोडू लागले. 2015 च्या सुरुवातीला एका घोड्याचे पुढचे दोन्ही पाय मोडल्याचं छायाचित्र पसरलं आणि मार्चमध्ये एफईआयने त्या देशाच्या संघटनेलाच काही महिने निलंबित केलं. त्याच अमिरातीत बुधीब इथल्या आयोजकांनी सरासरी वेगाला ताशी 20 किलोमीटरची मर्यादा घातली. एकाच वाळवंटात दोन तऱ्हा दिसल्या.

इव्हेंटिंगमध्ये धोका वेगळा. टोकियोत स्विस स्वार रॉबिन गोडेल यांच्या 14 वर्षांच्या जेट सेटचा अस्थिबंध क्रॉस-कंट्री धावताना तुटला आणि त्याला दयामरण द्यावं लागलं. आता बऱ्याच अडथळ्यांना, घोडा जोरात आदळला तर खाली पडणाऱ्या खिळी बसवतात, म्हणजे तो स्वारासकट उलटून पडण्याची शक्यता कमी होते. खेळात धोका राहणारच, पण जो टाळता येतो तो न टाळण्याला कारण नाही.

आणि दिवसाचे बाकीचे तास? स्पर्धेचा महागडा घोडा बहुतेक वेळ एकट्याच्या कोठडीत उभा असतो. निसर्गात तो दिवसाचे सोळा तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, आणि ते शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. दोन वेळा भरपूर खुराक आणि मधे रिकामी गव्हाण, असं झालं की जठरात व्रण होतात. मखमली झूल आणि वातानुकूलित तबेला हा त्यावर इलाज नाही. दिवसभर वैरण, मोकळं फिरणं आणि दुसऱ्या घोड्याची सोबत हाच इलाज आहे, आणि तो स्वस्तही आहे.

एफईआयने 2022 मध्ये नॅटली वारन यांच्या अध्यक्षतेखाली एक नीती आयोग नेमला. त्याने अनेक देशांतल्या सामान्य लोकांना विचारलं, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोकांनी खेळातल्या घोड्यांबद्दल काळजी व्यक्त केली. तरीही नोव्हेंबर 2025 मध्ये हाँगकाँगच्या आमसभेत सदस्य देशांनी जंपिंगमध्ये घोड्याच्या अंगावर रक्त दिसल्यास थेट बाद करण्याचा नियम सैल केला आणि त्याऐवजी सुरुवातीला फक्त इशारा नोंदवण्याची तरतूद ठेवली. पशुवैद्य आणि प्राणिमित्र संस्थांचा विरोध असताना हे झालं. लोकांचा विश्वास हवा असेल, तर रक्ताच्या बाबतीत सवलत देणं ही सर्वांत वाईट सुरुवात आहे.

भारतात हा खेळ छोटा आहे, पण वाढतो आहे. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजच्या सांघिक सुवर्णात मुंबईच्या हृदय छेडाचा वाटा होता. त्या यशानंतर मुंबई-पुण्याकडच्या रायडिंग शाळांत मुलांना घालण्याची हौस वाढली तर नवल नाही. घोड्याची गोष्ट निघाली की आपल्याकडे वरातीची घोडीही आलीच. तिच्या तोंडातला काटेरी लगाम 1965 च्या केंद्रीय नियमांनी निषिद्ध ठरवला आहे, तरी तो अजून सापडतो. मूळ 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड पन्नास रुपयांपर्यंतच लिहिला आहे.

मुलाचं नाव रायडिंगच्या वर्गात घालणाऱ्या पालकांनी फी विचारण्याआधी तबेल्यात जावं. नाकावरच्या पट्ट्याखाली, समोरच्या हाडावर, दोन बोटं सहज जातात का, तोंडाच्या कोपऱ्यांत जखमा आहेत का, दिवसातून किती तास घोडे मोकळे सोडतात, हे मोतद्दारालाच विचारावं, कारण खरं उत्तर त्याच्याकडे असतं. आणि घोडा अडला तेव्हा शिक्षक आधी चाबूक मागतो की खाली उतरून त्याचे पाय, पाठ आणि खोगीर तपासतो, एवढं पाहण्यासाठी एक अख्खा तास कुंपणापाशी उभं राहावं.