मळी, पेव आणि चोपण

कृष्णेचा पूर ओसरून ऊन पडलं की सांगलीच्या नदीकाठच्या रानात चिखलाच्या पापड्या सुटतात. त्यातली एखादी जाड पापडी मोडून पाहावी. वरचा थर तेलकट, मऊ असतो. खाली मात्र बोटांना रेती खरखरते. पाणी संथ झालं की जड रेती आधी बसते, चिकणमातीचे बारीक कण तरंगत राहतात आणि सगळ्यांत शेवटी उतरतात. पूर हीच निवड जमिनीवर आडवीही करतो. पात्राबाहेर पडताच पाण्याचा वेग मोडतो, त्यामुळे रेती आणि पोयटा काठालगतच पडतो, तर चिकण लांबच्या सखल रानात जाऊन बसते.

काठालगतची ही जमीन म्हणजे मळी. ओल धरते, पण पाणी तुंबवत नाही. वाफसा लवकर येतो. कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव झालं ते या मातीवर.

विशेष म्हणजे हा पूर इथल्या पावसाचा नसतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पर्जन्यछायेतल्या सांगलीला जेमतेम सहाशे. कोयना कऱ्हाडला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला, पंचगंगा नृसिंहवाडीला. उतार मंद, पात्र नागमोडी, त्यात एकामागून एक संगम. पाणी मागे फुगत जातं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्या पुरानं माणसं, जनावरं, उभी पिकं नेली. त्याचं कौतुक करण्याचा प्रश्नच नाही. तरीही माझं मत असं, की इथल्या जमिनीचा खरा वैरी पूर नव्हे. मुरून राहिलेलं, निचऱ्याला वाट नसलेलं पाणी हा तिचा वैरी.

याच खोऱ्यातल्या घट्ट मातीचा गुण पाहायचा तर हरिपूरची पेवं पाहावीत. हळद साठवायला वीसेक फूट खोल खोदलेले हे खड्डे. भोवतालची माती ओल आत येऊ देत नाही आणि तोंड बंद केल्यावर आतला प्राणवायू इतका कमी होतो, की कीड जगत नाही. माणूसही जगणार नाही, म्हणून पेव उघडल्यावर आत हवा खेळल्याशिवाय कोणी उतरत नाही. 2005 च्या पुराचं पाणी शिरलं आणि यातली बरीच पेवं निकामी झाली.

पेवाला तारणारा तो घट्टपणा उसाच्या रानात मात्र उलटतो. उपसा योजना आल्या, बारमाही ऊस आला, पाटानं भरपूर पाणी सुटू लागलं. चिकण जमिनीतून ते खाली झिरपेना. भूजल वर चढलं, बारीक छिद्रांतून क्षार घेऊन पृष्ठभागी आलं. पाणी उडून गेलं, क्षार राहिले. सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात आणि निचरा आणखी मंदावतो. वाळवा, मिरज, शिरोळ तालुक्यांत अशी चोपण झालेली, पांढरी पडलेली रानं दिसतात. तिथं ऊस पिवळा पडून खुरटतो, पुढं बाभळीच तेवढ्या वाढतात.

उपाय आहे, आणि तो शिरोळच्या शेतकऱ्यांनी करून दाखवला आहे. जमिनीखाली ठरावीक अंतरावर सच्छिद्र पाइप गाडायचे, त्यांत उतरलेलं खारं पाणी मोठ्या नळीतून नाल्याला काढून द्यायचं. पावसानं क्षार धुऊन जातात आणि काही हंगामांत ऊस पुन्हा उभा राहतो. खर्च मोठा आहे, पण त्याहून अवघड आहे ती संमती. नाला गाठायचा तर नळी शेजाऱ्याच्या, त्याच्याही शेजाऱ्याच्या बांधाखालून न्यावी लागते, त्यामुळे हे काम एकट्यादुकट्याचं नाही. अख्ख्या शिवारानं मिळून ते करावं लागतं.