कादंबरीत नसलेला ड्रॅक्युला

ड्रॅक्युला शेवटी मरतो कसा? चित्रपट पाहिलेला कुणीही दोनपैकी एक उत्तर देईल : छातीत लाकडी खुंटी ठोकून, नाहीतर अंगावर ऊन पडून. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीत यातलं काहीच घडत नाही. सूर्य मावळायला टेकलेला असतो, बर्फातून ड्रॅक्युलाची पेटी घेऊन चाललेली गाडी अडवली जाते. जोनाथन हार्कर नावाचा सालस इंग्रज वकील त्याच्या गळ्यावरून कुकरी फिरवतो आणि त्याच क्षणी टेक्ससचा क्विन्सी मॉरिस आपला शिकारी सुरा त्याच्या काळजात खुपसतो. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पिशाच्चाचा अंत गुरख्यांच्या हत्याराने झाला, हे पुस्तक न वाचलेल्या माणसाला सांगून पटत नाही. उन्हाचं म्हणाल, तर कादंबरीतला ड्रॅक्युला भर दिवसा लंडनच्या रस्त्यावर उभा राहून एका तरुणीकडे टक लावून पाहतो. दिवसा त्याची शक्ती कमी होते, एवढंच.

एकोणिसाव्या शतकातल्या भयकथा आणि साहसकथा आज ज्या रूपात लोकांच्या डोक्यात पक्क्या बसल्या आहेत, ते रूप बहुतेक वेळा लेखकांनी दिलेलं नाही. नाटकमंडळींच्या अडचणी, रंगभूषाकारांची डोकी, छायालेखकांच्या युक्त्या आणि कोर्टकचेऱ्या यांतून ते घडत गेलं.

उन्हाचंच पाहा. १९२२ साली जर्मनीत एफ. डब्ल्यू. मुर्नाऊने ‘नोस्फेराटू’ काढला. स्टोकरच्या वारसांची परवानगी घेतलेली नव्हती, म्हणून ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक झाला आणि शेवटही बदलला. नायिका त्या पिशाच्चाला पहाटेपर्यंत आपल्यापाशी गुंतवून ठेवते, कोंबडा आरवतो आणि खिडकीतून आलेल्या कोवळ्या उन्हात ते विरून जातं. आपल्याकडची भुतंही कोंबडा आरवला की पाय काढतात, त्यामुळे या शेवटात मराठी प्रेक्षकाला काही नवल वाटणार नाही. स्टोकरची विधवा फ्लोरेन्स मात्र भडकली आणि कोर्टात गेली. निर्माती कंपनी तोवर दिवाळखोर झाली होती, तेव्हा पैसे मिळण्याची आशा नव्हती. १९२५मध्ये निकाल लागला : सगळ्या प्रती नष्ट करा. काही प्रती वाचल्या आणि त्यांच्याबरोबर ऊनही वाचलं. कायद्याने जाळून टाकायच्या चित्रपटातली ही कल्पना पुढे जगभरच्या पिशाच्चपटांचा नियम होऊन बसली.

ड्रॅक्युलाचा तो काळा झगा आणि उभी कॉलर आली नाटकातून. स्टोकरचा काउंट हा पांढऱ्या मिशांचा, तळहातावर केस असलेला म्हातारा आहे, रक्त पिऊन तो हळूहळू तरुण होत जातो. हॅमिल्टन डीन या नट-व्यवस्थापकाने १९२४मध्ये इंग्लंडमध्ये कादंबरीचं नाटक केलं, तेव्हा त्याच्यापुढे अगदी व्यवहारी प्रश्न होता. किल्ला, वादळातलं जहाज, बर्फातला पाठलाग फिरत्या कंपनीला परवडणार कसा? त्याने जवळजवळ सगळी गोष्ट दिवाणखान्यात आणून बसवली. आता दिवाणखान्यात ज्याला बोलवायचं, तो गृहस्थ दिसायला हवा. म्हणून ड्रॅक्युलाच्या अंगावर समारंभाचा उंची पोशाख चढला. आणि प्रेक्षकांदेखत तो अदृश्य व्हायला हवा, म्हणून उभी कॉलर. नटाने पाठ फिरवली की कॉलरीआड डोकं झाकलं जायचं, बाकीची पात्रं झगा धरून ठेवायची आणि नट तेवढ्यात रंगमंचावरच्या चोरदारातून खाली. आज मुलांच्या कार्टूनमध्येही ड्रॅक्युलाला जी कॉलर असते, ती एका नटाच्या पळवाटेची सोय होती.

हेच नाटक १९२७मध्ये सुधारून न्यूयॉर्कला गेलं आणि तिथे बेला लुगोसी या हंगेरियन नटाला ती भूमिका मिळाली. १९३१मध्ये युनिव्हर्सल कंपनीने टॉड ब्राउनिंगच्या दिग्दर्शनाखाली बोलपट काढला, तेव्हा लुगोसीला आठवड्याला ५०० डॉलर दिले, एकूण सात आठवड्यांचे. चित्रपट कंपनीला तारून गेला, लुगोसी मात्र त्या झग्यातून आयुष्यभर बाहेर पडला नाही. १९५६मध्ये त्याला दफन केलं तेही तसल्याच झग्यात. खरं सांगायचं तर हा ‘ड्रॅक्युला’ पहिल्या वीस मिनिटांनंतर ढेपाळतो. किल्ला संपून दिवाणखाना सुरू झाला की नाटकाचं मूळ उघडं पडतं. त्याच सेटवर रात्री दुसरं मंडळ येऊन स्पॅनिशमध्ये तीच गोष्ट चित्रित करत असे आणि कॅमेऱ्याच्या हालचालीत ती आवृत्ती सरस उतरली. बोलपटाच्या सुरुवातीला भाषेचा प्रश्न असा दोनदा चित्रण करूनच सुटत असे. ‘प्रभात’नेही १९३२मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदीत वेगवेगळा काढला होता.

या सगळ्या भुतांचा एक समान पत्ता आहे : लंडनचं लायसियम थिएटर. स्टोकर हा पेशाने या थिएटरचा व्यवस्थापक, थोर नट हेन्री अर्व्हिंगचा उजवा हात. ‘ड्रॅक्युला’चे नाट्यहक्क सुरक्षित राहावेत म्हणून पुस्तक बाहेर येण्याच्या काही दिवस आधी त्याने तिथेच एक घाईचं वाचन उरकून घेतलं होतं. त्याआधी १८८८मध्ये अर्व्हिंगने अमेरिकन नट रिचर्ड मॅन्सफील्डला ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’साठी हे थिएटर दिलं. ते प्रयोग चालू असतानाच व्हाइटचॅपलमध्ये ‘जॅक द रिपर’चे खून सुरू झाले. त्याच्याही आधी, १८२३मध्ये, इंग्लिश ऑपेरा हाउस या नावाने चालणाऱ्या याच थिएटरात ‘फ्रँकेन्स्टाइन’ पहिल्यांदा रंगमंचावर आलं. मधल्या काळात इमारत जळून पुन्हा बांधली गेली. आज तिथे ‘द लायन किंग’ चालतं.

रिचर्ड पीकने लिहिलेलं ते १८२३चं नाटक मेरी शेलीने स्वतः पाहिलं. जाहिरातीत राक्षसाच्या नावाच्या जागी नुसती कोरी रेघ होती, तिला ते आवडलं. पण पीकने दोन मोठे बदल केले होते. राक्षसाचं बोलणं काढून घेतलं आणि शास्त्रज्ञाला फ्रिट्झ नावाचा एक मदतनीस दिला. शेलीच्या कादंबरीत हा शास्त्रज्ञ, व्हिक्टर, एकटा, विद्यार्थ्याच्या खोलीत, चोरून काम करतो. प्राण कसा फुंकला, हे ती एका ठिणगीच्या उल्लेखापलीकडे सांगतच नाही. आणि तिचा राक्षस एका झोपडीतल्या कुटुंबाकडे फटीतून पाहून भाषा शिकतो, मिल्टन आणि प्लुटार्क वाचतो, आपल्या निर्मात्याशी तासन्तास युक्तिवाद करतो. पुस्तकातला सगळ्यात बुद्धिमान बोलणारा कुणी असेल तर तोच आहे.

जेम्स व्हेलच्या १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ने तो मुकाच ठेवला. लेखिकेने गाळलेली जागा केनेथ स्ट्रिकफाडेनच्या ठिणग्या उडवणाऱ्या यंत्रांनी भरली आणि राक्षसाच्या कवटीत एका गुन्हेगाराचा मेंदू घातला. हा मेंदूचा बदल मला या चित्रपटातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. शेलीचा राक्षस वाईट होतो, कारण त्याला कुणी जवळ करत नाही. चित्रपट म्हणतो, मुळात मालच खराब होता. असं असूनही चित्रपट टिकला तो राक्षसाची भूमिका करणाऱ्या बोरिस कार्लोफमुळे. रंगभूषाकार जॅक पीयर्सने विचार केला की सर्जन मेंदू घालताना कवटीचा वरचा भाग सरळ कापेल, म्हणून डोकं सपाट; वीज आत शिरायला वाट हवी, म्हणून मानेत दोन खुंट्या. रोज कित्येक तास हा थर चढायचा. कार्लोफने आपली दातांची कवळी काढून गाल आत ओढून घेतला, पापण्यांवर मेण घालून त्या जड करून घेतल्या. एवढ्या लेपाखालून त्याने एका भांबावलेल्या पोराचे डोळे दाखवले. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्ह होतं, पीकच्या कोऱ्या रेघेचं हे नातवंड.

तळ्याकाठचं दृश्य तर सेन्सॉरच्या कात्रीचा धडाच आहे. लहान मारिया राक्षसाबरोबर पाण्यात फुलं सोडते. फुलं संपतात, ती तरंगली तशी हीदेखील तरंगेल या समजुतीने तो तिला उचलून पाण्यात टाकतो, ती बुडते आणि तो घाबरून पळतो. अनेक ठिकाणी हे कापलं गेलं. राहिलं ते एवढंच : राक्षस मुलीकडे हात पुढे करतो आणि नंतर बाप तिचं प्रेत घेऊन रस्त्याने चालत येतो. मधल्या अंधारात प्रेक्षकाने काय कल्पावं? मूळ दृश्यातला निरागसपणा गेला आणि त्याच्या कितीतरी पट भयंकर संशय उरला. कापलेला तुकडा जागेवर यायला १९८०चं दशक उजाडलं.

कार्लोफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्याचे वडील हिंदुस्थानच्या मीठ-महसूल खात्यात नोकरीला होते आणि घराण्यात भारतीय रक्त होतं. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवणारी आणि ‘द किंग अँड आय’मुळे गाजलेली अ‍ॅना लिओनोवेन्स ही त्याच्या आईची मावशी. तिने जन्मभर आपला जन्म वेल्सचा सांगितला, पण जन्मली ती १८३१मध्ये अहमदनगरात. हॉलिवूडच्या सर्वांत प्रसिद्ध राक्षसाचं आजोळ शोधत गेलं, तर वाट अशी नगरच्या लष्करी छावणीपाशी येते.

स्टीव्हन्सनच्या ‘जेकिल अँड हाइड’चं (१८८६) दुखणं वेगळं. ती रहस्यकथा होती. दोन्ही माणसं एकच आहेत, हे वाचकाला शेवटाकडे कळायचं. आज ते रहस्य कुणालाच नवं नाही, त्यामुळे चित्रपटांचा सगळा भर बदल कसा दाखवला यावर. रुबेन मामुलियनच्या १९३१च्या चित्रपटात फ्रेडरिक मार्चचा चेहरा कॅमेरा न थांबवता, एकही तुकडा न जोडता काळवंडतो. ही जादू वर्षानुवर्षं गुपित होती. युक्ती सोपी आहे : चित्रफीत कृष्णधवल. चेहऱ्यावर लाल रंगाने सुरकुत्या रंगवल्या आणि भिंगासमोर लाल काच धरली, तर त्या दिसत नाहीत. ती काच सरकवून हिरवी-निळी आणली की त्याच रेषा काळ्याकुट्ट होऊन वर येतात. छायालेखक कार्ल स्ट्रसने हा उपाय आधी ‘बेन-हर’मध्ये उलट्या दिशेने वापरला होता, महारोग बरा होताना दाखवण्यासाठी. मार्चला ऑस्कर मिळालं. पुढे एमजीएमने स्पेन्सर ट्रेसीला घेऊन १९४१मध्ये नवा चित्रपट काढला, तेव्हा तुलना होऊ नये म्हणून हा जुना चित्रपट विकत घेऊन चक्क कोंडून ठेवला. हिंदीत १९८१च्या ‘चेहरे पे चेहरा’त संजीवकुमारने ही दुहेरी भूमिका केली.

साहसकथांमध्येही हेच. समुद्री चाचे ज्या घोगऱ्या, रकार लांबवणाऱ्या इंग्रजीत बोलतात असं जग मानतं, ती रॉबर्ट न्यूटनची देणगी. डिस्नेच्या १९५०च्या ‘ट्रेझर आयलंड’मध्ये त्याने लाँग जॉन सिल्व्हरला नैर्ऋत्य इंग्लंडची, आपल्या स्वतःच्या मुलखाची, बोली दिली. ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ म्हटलं की डोळ्यांपुढे फुगा येतो. ज्यूल व्हर्नच्या पुस्तकात फिलिअस फॉग फुग्यात पाऊलही ठेवत नाही. फुगा आणला माइक टॉडच्या १९५६च्या चित्रपटाने. पुस्तकात मुंबई मात्र आहे : फॉगचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खातो. सतीच्या चितेवरून वाचवलेली औदा ही मुंबईच्या पारशी घरातली, बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाला दिलेली मुलगी. पडद्यावर ती झाली अमेरिकेची शर्ली मॅक्लेन.

औदापेक्षा मोठी गोष्ट हरवली ती कॅप्टन नेमोची. व्हर्नला तो रशियाविरुद्ध उठलेला पोलिश उमराव हवा होता. रशियातला खप आणि सरकारी रोष यांच्या धास्तीने प्रकाशक हेट्झेलने ते होऊ दिलं नाही. म्हणून ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’त नेमोचा देश गुलदस्त्यात राहिला. सिंहलद्वीपाजवळ एका गरीब हिंदी पाणबुड्याला तो वाचवतो, तिथे पिळल्या गेलेल्या लोकांशी असलेलं त्याचं नातं तेवढं डोकावतं. ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये (१८७४-७५) व्हर्नने पत्ते उघडले : नेमो म्हणजे राजपुत्र डक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाच्या नात्यातला, १८५७च्या लढ्यात सर्वस्व गमावलेला. व्हर्नला सत्तावनचं वेडच होतं म्हणा ना; पुढे त्याने नानासाहेब पेशव्यांना पात्र करून एक कादंबरी लिहिली आणि तिची सुरुवात औरंगाबादेत केली.

१९१६च्या मूकपटाने नेमोला हिंदी राजपुत्र ठेवलं होतं. बहामाच्या समुद्रात खरोखर पाण्याखाली चित्रित केलेला तो चित्रपट आजही पाहण्यासारखा आहे. १९५४मध्ये डिस्नेने नेमोच्या भूमिकेत जेम्स मेसनला घेतलं. चित्रपट देखणा, महाकाय माखलीशी झुंज अप्रतिम (आधी संधिप्रकाशात चित्रित केली तर माखली हलवणाऱ्या तारा दिसू लागल्या, म्हणून रात्रीच्या वादळात सगळं पुन्हा), पण नेमो कुठल्याशा काल्पनिक छळछावणीतून सुटलेला, देश नसलेला माणूस झाला. इंग्रजी साम्राज्यावरचा त्याचा राग नाहीसा झाला आणि उरला तो नुसता विक्षिप्तपणा. २००३च्या ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जेंटलमेन’मध्ये नसीरुद्दीन शाहने नेमो केला, फेटा बांधून, तलवार घेऊन. गंमत म्हणजे त्याच चित्रपटात जेकिल-हाइड आहेत आणि ‘ड्रॅक्युला’तली नायिका मिनाही. चित्रपट सुमार आहे, नेमो तेवढा बरोबर आहे.

भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे व्हर्न मराठी मुलांच्या हाती फार पूर्वीच आला. ज्यांनी नेमो फक्त पडद्यावर पाहिला असेल, त्यांनी ‘मिस्टीरियस आयलंड’चा शेवटचा भाग जरूर वाचावा. मरणाच्या दारातला डक्कार तिथे आपली हकिकत स्वतः सांगतो.