उजेड सकाळचा, वारा दुपारचा

जलक्रीडांचे जाहिरातीसाठी फोटो काढायला इंटर्नशिपवर आलेल्या विद्यार्थ्याच्या हातात आधी काय द्यावे? बहुतेक व्यावसायिक कॅमेरा देतात, लाइफ जॅकेट देतात आणि आठवडाभरात अमुक इतकी रील हवीत असे सांगून मोकळे होतात. माझ्या मते त्याला पहिल्यांदा भरती-ओहोटीचे कोष्टक द्यायला हवे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला जागा मिळाली. पेडण्यात डिसेंबर २०२२ मध्ये मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले, त्यामुळे उत्तर गोव्यातल्या पाण्यावरच्या खेळांना नवे गिऱ्हाईक मिळाले. गिऱ्हाईक मुंबईत किंवा दिल्लीत बसून मोबाइलवर फोटो पाहते आणि पैसे भरते. त्या फोटोत जे दिसते ते त्याला इथे मिळाले पाहिजे, आणि ते कधी मिळते, कधी मिळत नाही हे ज्याला पाणी कळते त्यालाच ठाऊक असते. लेन्सचे ज्ञान चार दिवसांत येते. पाण्याला वेळ लागतो.

गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य माडांच्या मागून वर येतो, त्यामुळे वाळूत उभे राहून समुद्राकडे कॅमेरा रोखला की समोरच्याच्या चेहऱ्यावर सरळ उजेड पडतो. पण मोरजी-हरमलला काइट सर्फिंग रंगते ते दुपारनंतर, जमीन तापून समुद्रावरून वारा सुटल्यावर. तोवर सूर्य पाण्याकडे कललेला असतो आणि किनाऱ्यावरून टिपलेला खेळाडू निव्वळ काळी आकृती होतो. ही आकृती देखणी असते, मागे तांबडे आकाश असते, म्हणून नवशिक्या तिच्यावर खूश होतो आणि मालकही. मात्र त्या काळ्या आकृतीत हेल्मेट आहे की नाही ते कळत नाही, दोर किती लांब आहे आणि जवळ पोहणारे कोणी आहे का, हेही कळत नाही. उजेड पाठीशी घ्यायचा तर होडीतून आत जाऊन किनाऱ्याकडे पाहावे लागते. मग चौकटीत शॅक येतात, खाटा येतात, गर्दी येते. खाऱ्या तुषारांनी लेन्स दर मिनिटाला पुसावी लागते आणि होडी हलते म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवावा लागतो. मेहनत दुप्पट, फोटो कमी नाट्यमय. तरीही पाहणाऱ्याला तो खेळ खरोखर कसा असतो ते सांगतो हा दुसरा फोटो.

नदीत अडचण वेगळी. तिळारी म्हणून महाराष्ट्रातून उतरणारी नदी पुढे शापोरा होते आणि मोरजीपाशी समुद्राला मिळते. तिच्या खारफुटीतून कायाक वल्हवत जाणे हा शांत, सुंदर प्रकार आहे. भरतीला पाणी मुळांवर चढलेले असते, तेव्हा काढलेल्या फोटोत हिरवी कमान आणि आरशासारखे पात्र दिसते. काही तासांनी त्याच जागी चिखल उघडा पडतो. भरतीचाच फोटो लावायला हरकत नाही, पण मग सहलीची वेळही भरतीचीच ठेवावी लागेल. तेवढे शक्य नसेल तर ओहोटीचाही एक फोटो सोबत द्यावा. खेकडे, बगळे, चिखलातली पावले यांतही पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ज्याला ते नको असेल तो आधीच दूर राहील, हाही व्यवसायाचा फायदाच.

डिचोलीत मोह आणखी मोठा आहे. खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बंद पडल्या, तेव्हापासून अंतर्भागातल्या पर्यटनाकडे पर्याय म्हणून पाहिले जाते. मये तलाव लहान, टेकड्यांनी वेढलेला, पेडल बोटींचा. वाइड अँगल लेन्सने त्याला काश्मीरच्या पंक्तीला बसवता येते आणि तसे बसवलेले पाहिले की हसू येते. शेजारच्या सत्तरीत म्हादईवर राफ्टिंग चालते ते पावसाळ्यात, नदी तांबूस गढूळ असताना. ते पाणी संपादनात निळे करणारा माणूस त्या खेळाचा हंगामच पुसून टाकतो.

यावर पहिला आक्षेप असा, की जाहिरात म्हणजे नटवणे, आणि गिऱ्हाईक इतके भोळे नसते. नटवण्याला माझा विरोध नाही. चांगली वेळ, चांगला कोन निवडणे हे फोटोग्राफरचे कामच आहे. पण निवडणे वेगळे आणि नसलेले दाखवणे वेगळे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तीही याच फरकावर उभी आहे. दुसरा आक्षेप अधिक खरा वाटतो: शिकाऊ मुलाच्या हातात असते काय? मालकाने निळे पाणी मागितले तर तो देणारच. मान्य. म्हणूनच हा भार त्याच्या एकट्याच्या विवेकावर टाकू नये. प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ, भरती की ओहोटी आणि जागा यांची नोंद ठेवणे हे इंटर्नशिपच्या गुणांत धरले, तर मालकाशी वाद घालायला मुलाकडे महाविद्यालयाचा कागद असतो.

त्या कागदावर आणखी काही गोष्टी याव्यात. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत ड्रोन उडवायला २०२१ च्या नियमांनुसार परवानगी लागते, आणि पेडण्याचा बराच भाग त्यात मोडतो. ती काढणे मालकाचे काम, मुलाचे नव्हे. मोरजी आणि मांद्रे इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तेव्हा त्या वाळूवर रात्री दिवे आणि फ्लॅश नकोत. आणि फोटो कोणाचा? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत किंवा शिकाऊ उमेदवारीच्या करारात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळे काही ठरले नसेल तर, साधारणतः नेमणारा असतो. बिनपगारी, बिनकरारी आलेल्या मुलाबाबत मात्र हे इतके सरळ नाही, आणि पुढे तो फोटो विमानतळावरच्या फलकावर झळकला की भांडण ठरलेलेच. तेव्हा पहिल्याच दिवशी, कॅमेऱ्याची बॅटरी भरेपर्यंत, दोन ओळी लिहून घ्याव्यात: नाव कोणाचे जाईल आणि मूळ फाइल कोणाकडे राहील.