घटक ४ : खेळकर अक्षरे, नेमका शब्द – लघुउद्योगासाठी शीर्षक फॉन्टची निवड

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• शीर्षक फॉन्ट आणि मजकुराचा फॉन्ट यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• एखादा देवनागरी फॉन्ट मराठीसाठी पुरेसा आहे की नाही, हे तपासता येईल.
• वेष्टन, नामफलक व हस्तकलेच्या वस्तू यांसाठी योग्य फॉन्ट सुचविता येईल.

४.२ प्रास्ताविक

मजकूर कसा लिहावा, याचा विचार आपण उपयोजित मराठीच्या अभ्यासात करतो. तो मजकूर कोणत्या अक्षररूपात वाचकापुढे जातो, हा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, अमरावतीच्या राजापेठेतील एका महिला बचत गटाला 'वऱ्हाडी ठेचा' या नावाने बरण्या विकावयाच्या आहेत. नाव प्रसन्न व ठसठशीत दिसावे म्हणून छपाईच्या दुकानात एक गुबगुबीत फॉन्ट निवडला जातो. पाचशे लेबले छापून येतात आणि त्यांवर 'वर्हाडी ठेचा' असे उमटलेले असते. गटाने शब्द अचूक लिहून दिला होता. परंतु निवडलेल्या फॉन्टमध्ये ते जोडाक्षर नव्हते, म्हणून जुळणी करणाऱ्याने त्यातल्या त्यात जवळचे रूप वापरले. पैसे खर्च झाले आणि ज्या प्रदेशाच्या नावावर माल विकावयाचा, त्याच प्रदेशाचे नाव चुकले. ही चूक छपाईपूर्वी कशी टाळता आली असती, हे या घटकात पाहू.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ शीर्षक फॉन्ट म्हणजे काय?

पुस्तकातील मजकुराचा फॉन्ट वाचकाचे लक्ष स्वतःकडे न वेधता आशयाकडे नेतो. शीर्षक फॉन्टचे कार्य वेगळे असते. तो मोठ्या आकारात, थोड्या शब्दांसाठी वापरला जातो आणि वाचण्याआधीच शब्दाचा भाव सूचित करतो. मराठीत हे कार्य दीर्घकाळ अक्षरचित्रकारांनी केले. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षके अशी रेखाटली, की नाटकाची प्रकृती अक्षरांवरूनच कळावी.

हाताने रेखाटलेले शीर्षक आणि फॉन्ट यांत मात्र एक मूलभूत फरक आहे. शीर्षक त्या एका शब्दापुरते असते. फॉन्टला अजून कोणी न लिहिलेल्या शब्दांसाठीही तयार राहावे लागते. म्हणून फॉन्टचा नमुना सुंदर दिसला, तरी आपला शब्द त्यात नीट उमटेलच असे नाही.

४.३.२ मराठीच्या तीन कसोट्या

(अ) अर्धा 'र' : 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. मेळघाटात दऱ्या आहेत, दर्या नाही. रफार व अर्धा 'ऱ' यांतील हा भेद मराठीत अर्थ बदलतो. हिंदीच्या लेखनात त्याची गरज पडत नाही. त्यामुळे केवळ हिंदी समोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये हे रूप राहून जाऊ शकते. 'वऱ्हाड', 'कैऱ्या', 'तऱ्हा' हे शब्द लिहून पाहणे, ही पहिली कसोटी होय.

(आ) 'ल' आणि 'श' : महाराष्ट्र शासनाच्या प्रमाण वर्णमालेत पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' स्वीकारलेले आहेत. युनिकोडमध्ये मराठी व हिंदी वळणांसाठी वेगवेगळे संकेतांक नाहीत. वळण फॉन्ट ठरवितो. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात. मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदविल्यावर मराठी वळण दिसते.

(इ) शिरोरेषा : खेळकरपणासाठी काही फॉन्टांत शिरोरेषा गाळलेली असते. परंतु 'ध' व 'घ', 'भ' व 'म' या जोड्या ओळखण्यास शिरोरेषेचीच मदत होते. 'धागा' हा शब्द 'घागा' असा वाचला गेला, तर विणकामाच्या दुकानाला तो फॉन्ट उपयोगाचा नाही. रोमन अक्षरांप्रमाणे दोन अक्षरांतील अंतर वाढविल्यासही शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कळीत दिसतो.

४.३.३ काही खेळकर फॉन्ट

मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मोदक' नावाप्रमाणेच फुगीर आहे. त्याच्या अक्षरांतील पोकळ्या बारीक रेघांएवढ्याच उरतात. म्हणून तो मोठ्या फलकावर खुलतो, पण लहान लेबलावर शाई पसरून त्या पोकळ्या बुजू शकतात. याच संस्थेचा 'बलू' गोलसर, पण अधिक मोकळा असून अनेक भारतीय लिप्यांत उपलब्ध आहे. 'यात्रा वन' या फॉन्टमागे मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांची प्रेरणा आहे. जुन्या पाटीचा बाज हवा असल्यास तो विचारात घ्यावा. 'कलम' हस्ताक्षराचा आपलेपणा देतो; शुभेच्छापत्रांना तो शोभतो.

४.३.४ साहित्य आणि अक्षर

फॉन्ट कागदावर उमटणार की कापडावर, लाकडावर की बांबूवर, यावरही निवड अवलंबून असते. बांबूच्या राखीसारख्या लहान वस्तूवर नाव कोरावयाचे असल्यास मोकळ्या पोकळ्यांचा, सारख्या जाडीचा फॉन्ट घ्यावा. भरतकामातही बारीक पोकळ्या दोऱ्याने भरून जातात.

लाकडातून नाव कापून काढताना शिरोरेषा उपकारक ठरते, कारण तिच्यामुळे संपूर्ण शब्द एकसंध राहतो. मात्र संगणकावर प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी असते. कापण्यापूर्वी त्या एकत्र न जोडल्यास यंत्र अक्षरे सुटी कापते. 'संत्री' या शब्दातील अनुस्वाराचे टिंब तर कशालाच जोडलेले नसते. ते निराळे चिकटवावे लागते. रंगकामाच्या साच्यात उलट अडचण येते : 'व' आणि 'ब' यांच्या पोटातील भाग गळून पडतो. तो टिकविण्यासाठी बारीक पूल ठेवावा लागतो.

४.३.५ परवाना आणि नियम

वर उल्लेखिलेले चारही फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून व्यवसायासाठी विनामूल्य वापरता येतात. परंतु महाजालावरील प्रत्येक मोफत फॉन्ट असा नसतो; काहींना केवळ वैयक्तिक वापराचीच मुभा असते. परवाना वाचूनच निवड करावी.

दुकाने व आस्थापना अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार महाराष्ट्रात नामफलकावर देवनागरीतील मराठी नाव आवश्यक असून, त्याची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असू नयेत. म्हणून दोन्ही लिप्यांचा मेळ असलेला फॉन्ट सोयीचा ठरतो. लेबलावरील घटकपदार्थ, वजन, किंमत व तारीख मात्र साध्या फॉन्टमध्येच द्यावी. तेथे खेळकरपणा ग्राहकाची अडचण करतो.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. हाताने रेखाटलेले शीर्षक व शीर्षक फॉन्ट यांत कोणता फरक आहे?
२. 'वऱ्हाड' हा शब्द फॉन्टच्या तपासणीसाठी का उपयुक्त आहे?
३. कापकाम व साचा यांत देवनागरी अक्षरांच्या कोणत्या अडचणी येतात?

४.५ सारांश

शीर्षक फॉन्टने शब्दाला भाव द्यावयाचा असतो. पण त्याआधी तो शब्द अचूक उमटला पाहिजे. अर्धा 'ऱ', 'ल–श'ची वळणे व शिरोरेषा या कसोट्यांनंतर साहित्य, आकार व परवाना यांचा विचार करावा. ही तपासणी करण्यास चित्रकलेचे शिक्षण लागत नाही. शब्दाचे शुद्ध रूप ठाऊक असावे लागते. मराठीच्या विद्यार्थ्याजवळ ते ज्ञान असते. बचत गटाच्या लेबलाचा मसुदा छपाईला जाण्यापूर्वी तो एकदा त्याच्या नजरेखालून गेला, तर पाचशे लेबले वाया जाणार नाहीत.

४.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील बाजारपेठेत फिरून दहा नामफलकांची नोंद करा. प्रत्येकावरील 'ल', 'श', शिरोरेषा व जोडाक्षरे तपासा. त्यांपैकी एका नावासाठी दोन फॉन्ट सुचवा आणि आपल्या निवडीची कारणे दहा ओळींत लिहा.