दिरहम दुबईचा नव्हे, मोरोक्कोचा

मोरोक्कोत कॅसाब्लांकाजवळ बेर्रेशिद येथे सप्टेंबर 2025 मध्ये टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्सचा चिलखती वाहनांचा कारखाना सुरू झाला. जोर्फ लास्फरच्या फॉस्फोरिक आम्लाच्या प्रकल्पात तर भारतीय कंपन्यांची भागीदारी जुनीच. साहजिकच तिकडच्या नोकऱ्यांची चौकशी वाढते. पण हिशेब मात्र आखातातलेच मांडले जातात.

गैरसमज : पगार दिरहममध्ये, म्हणजे करमुक्त.

वस्तुस्थिती : अमिरातीचा दिरहम वेगळा, डॉलरला 3.67 मिळतात. मोरोक्कोचे साधारण नऊ ते दहा मिळतात, आणि तिथे पगारावर प्राप्तिकर आहे. 2025 पासून वर्षाच्या 40,000 दिरहम करपात्र उत्पन्नापर्यंत कर नाही. पुढे 10, 20, 30, 34 असे टप्पे चढतात आणि 1,80,000 च्या वर 37 टक्के लागतात. हे ऐकून घाबरणारेही चुकतात, कारण 37 टक्के फक्त वरच्या रकमेवर. करपात्र उत्पन्न 2,40,000 दिरहम असेल तर कर 61,400 होतो, म्हणजे सुमारे साडेपंचवीस टक्के. कंपनीने दिलेलं घरही बहुधा पगाराचाच भाग धरलं जातं, हे अनेकांना पहिली पगारपावती हातात आल्यावर कळतं.

गैरसमज : 183 दिवसांच्या आत परतलो की सुटलो.

वस्तुस्थिती : दिवसांची मोजणी हा एकच निकष नाही. कायमचं घर किंवा आर्थिक हितसंबंधांचं केंद्र तिथे असेल तरी तुम्ही निवासी ठरता. मग पुण्यातल्या फ्लॅटचं भाडंही तिथल्या विवरणपत्रात येतं. भारत-मोरोक्को करारामुळे दुहेरी कर टळतो, पण त्यासाठी भारतात भरलेल्या कराचे पुरावे जपावे लागतात. स्थानिक कंपनी तर पहिल्या पगारापासूनच कर कापते.

गैरसमज : आफ्रिका आहे, स्वस्तच असणार.

वस्तुस्थिती : भाजी, छोले, मसूर खरोखरच स्वस्त. पाव आणि गॅस यांना सरकारी अनुदानाचा आधार आहे. 2024 च्या दरवाढीनंतर 12 किलोचं सिलिंडर 50 दिरहमला झालं. पण कॅसाब्लांकातल्या आंफा किंवा रासिनसारख्या वस्तीतलं घरभाडं पगाराचा मोठा घास घेतं. त्याहून जड मुलांची शाळा. चांगल्या खासगी शाळांत फ्रेंच माध्यमाचं वर्चस्व आहे; इंग्रजी शाळा मोजक्या आणि महाग. माझ्या मते कुटुंबासह जाणाऱ्याचा निर्णय करापेक्षा या शुल्कावरच ठरायला हवा.

सही करण्यापूर्वी कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या : हातात येणारी रक्कम, घराचा खर्च कोणाचा आणि शाळेचं शुल्क कोण भरणार.