कोऱ्या शीटमधून घडलेली यानं

‘स्टार ट्रेक’ मालिकेसाठी १९६४ साली ‘एंटरप्राइझ’ यानाचं मोठं मॉडेल बनलं. ते अकरा फुटांचं, बव्हंशी लाकडाचं आणि अंगाने गुळगुळीत होतं. आराखडा करणारे मॅट जेफरीज यांचा आग्रह असा, की दुरुस्ती लागणारी यंत्रं यानाच्या आतच असावीत; बाहेर अवकाशात जाऊन ती कशाला उघडायची? तर्क बिनतोड होता. तरी पुढच्या दहा-बारा वर्षांत पडद्यावरच्या यानांनी हा गुळगुळीतपणा टाकून दिला आणि मॉडेलच्या कामात पॉलिस्टायरिनच्या पांढऱ्या शीटचं महत्त्व वाढत गेलं. आम्ही हौशी मंडळी आज कोऱ्या शीटमधून यानांची मॉडेल घडवतो, त्याची मुळं त्याच वर्षांत आहेत.

वळण दिलं १९६८च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ने. दिग्दर्शक कुब्रिकच्या चमूने इंग्लंडमध्ये ‘डिस्कव्हरी’ यान तब्बल ५४ फूट लांब बांधलं आणि त्याच्या पृष्ठभागावरच्या बारकाव्यांसाठी दुकानातली मॉडेलांची प्लॅस्टिक किट्स फोडून त्यांचे भाग वापरले. मग १९७५मध्ये लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नाइसच्या एका गोदामात ‘स्टार वॉर्स’ची कार्यशाळा सुरू झाली. त्याच वर्षी इंग्लंडमधून ‘स्पेस: १९९९’ ही मालिका आली. तिच्यातल्या ‘ईगल’ यानाशी साम्य दिसलं म्हणून ‘स्टार वॉर्स’मधल्या ‘मिलेनियम फाल्कन’ यानाचा पहिला आराखडा बाजूला ठेवावा लागला, तेच रूप पुढे चित्रपटाच्या सुरुवातीला पळणाऱ्या बंडखोरांच्या यानाला मिळालं.

त्या यानाचा पाठलाग करत डोक्यावरून सरकत जाणारं, संपता न संपणारं ‘स्टार डिस्ट्रॉयर’ आठवा. ते मॉडेल जेमतेम तीन फुटांचं होतं! मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठी करामत हीच वाटते. या यानाची लांबी १,६०० मीटर मानली जाते. म्हणजे मॉडेलवरचा एक मिलिमीटर साधारण पावणेदोन मीटरचा, माणसाच्या उंचीएवढा. त्यावर पाव मिलिमीटर जाडीच्या शीटचा तुकडा चिकटवला, तर त्याची कड जवळजवळ अर्ध्या मीटरची पायरी होते. भव्यता येते ती या पातळ कडांवर पडणाऱ्या सावलीमुळे. किटमधले भाग नुसते खच्चून भरले तर यान भंगाराचा ढीग दिसतं. मध्येमध्ये मोकळी, शांत जागा सोडावीच लागते. जुन्या कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं.

शीटचं काम तेव्हा होतं तसंच आजही आहे. शीट आरपार कापायची नसते. स्टीलच्या पट्टीला टेकवून ब्लेडने एक-दोनदा हलकी खाच मारायची आणि त्या रेषेवर वाकवायची. कट्‌ आवाज होऊन ती सरळ तुटते. सांध्याच्या दोन कडा जुळवून धरायच्या आणि पातळ सॉल्व्हंटचा ब्रश नुसता टेकवायचा. द्रव आपोआप फटीत ओढला जातो, दोन्ही कडा किंचित विरघळतात आणि एकजीव होतात. मोठ्या पृष्ठभागाखाली आडव्या-उभ्या फासळ्या हव्यात. बंद पेटीला आतल्या बाजूला एखादं भोक ठेवायचं, नाहीतर कोंडलेल्या वाफेने भिंती मऊ पडून काही दिवसांनी आत ओढल्या जातात.

नव्वदच्या दशकात संगणकाने हे काम हिरावून घेतलं. १९९३ साली आलेल्या ‘बॅबिलॉन ५’मधली यानं तर पूर्णपणे संगणकावर घडली. तरी मॉडेल संपली नाहीत. २००९च्या ‘मून’मध्ये ती होती, २०१४च्या ‘इंटरस्टेलर’मध्ये होती, आणि २०१९च्या ‘द मँडलोरियन’साठी ‘रेझर क्रेस्ट’ यानाचं खरंखुरं मॉडेल बनवून चित्रित केलं गेलं. २०२३मध्ये पहिल्या ‘स्टार वॉर्स’मधलं ‘एक्स-विंग’ यानाचं एक मॉडेल लिलावात ३१ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेलं.

आता थ्रीडी प्रिंटर घरोघरी येत आहेत. ते जरूर वापरावेत. इंजिनाची नळकांडी आणि एकसारखे शंभर भाग त्यांनीच करावेत. पण यानाचं अंग मात्र शीटचंच असावं, असं माझं ठाम मत आहे, कारण तितकी धारदार कड आणि तितका सपाट पृष्ठभाग प्रिंटमध्ये घासूनपुसूनही सहज मिळत नाही. सुरुवात करायची असेल तर एक मिलिमीटरची एक शीट, पाव मिलिमीटरची एक शीट आणि स्टीलची पट्टी एवढंच आणा. पहिल्यांदा साधी चौकोनी पेटी काटकोनात जमवा. सॉल्व्हंटची बाटली उघडण्याआधी खिडकी उघडा.